अल्पशा आजारानं नव्हे

सुरेखा गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा तिच्या भावाकडून, दत्ताकडून. सोलापूरच्या दवाखान्यातून सकाळी त्याचा फोन आला. "ताई..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मागं कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत असल्याचा आवाज येत होता. दोघंही तसेच फोन धरून राहिलो आणि मग त्यानंच तिकडून ठेवला. दुसऱ्यांदा कळलं ते दुपारी, कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर सुरेखाचा हसरा फोटो, खाली दोन पणत्या, आणि मजकूर असा की, आपल्या परिवारातील प्रेरणादायी सदस्य सुरेखाताई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले, परिवार त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. अल्पशा... हा शब्द कुणी टाकला ते मला माहीत आहे, कारण मी त्याच ऑफिसात बसते. तो माणूस वाईट नाही. निधनाच्या मजकुरात हा शब्द आपोआप येतो, त्यालाही आला. पण सुरेखाचा आजार अल्पसा नव्हता. तो काही वर्षं चालला, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ड्युटीच्या वेळेत, पत्र्याच्या शेडमध्ये वाढला. महिना होत आला तरी माझा राग उतरत नाही. उतरावा असं मला वाटतही नाही. म्हणून लिहायला बसले.

जळकोटच्या अलीकडं, हायवेला लागून, शाळेचे युनिफॉर्म शिवायची कंपनी आहे. नाव लिहीत नाही. वाचणाऱ्यांनी आपल्या माहितीतल्या कुठल्याही कंपनीचं घातलं तरी फारसं चुकणार नाही. मी तिथं टाइम ऑफिसला आहे, म्हणजे कोण आलं, कोण नाही आलं, कुणाची रजा, कुणाचा ओव्हरटाइम हे बघायचं काम. शिवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. लोहारा, सास्तूर, जळकोट आणि मधल्या वस्त्यांवरनं येणाऱ्या. कंपनीची बस सकाळी त्यांना गोळा करत येते आणि संध्याकाळी सोडत जाते. मी लोहाऱ्यात चढते. सुरेखा सास्तूरला चढायची. त्यामुळं मी बसमध्ये पाय ठेवायच्या आधी मला तिचा आवाज ऐकू यायचा.

आवाज मोठा होता तिचा. लोकांना वाटतं की अपंग माणूस म्हणजे मऊ बोलणारं, सोसणारं, कोपऱ्यात हसणारं असणार. सुरेखा भांडायची. पंखा कुणाकडं फिरवायचा यावरून भांडायची, बसमध्ये खिडकी उघडी ठेवायची का लावायची यावरून भांडायची आणि भांडण संपलं की ज्या बाईशी भांडली तिच्याच डब्यातला ठेचा मागून घ्यायची. दुसऱ्याच्या कानातलं आवडलं तर सरळ "आठ दिस घालू दे मला" म्हणायची. तिच्या स्वतःच्या साड्यांना मात्र कुणी हात लावलेला चालायचा नाही. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ती पहिलीत होती. सास्तूरमधली त्यांच्या घराची भिंत पडली, आई गेली, आणि सुरेखाचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. दत्ता वडिलांच्या कुशीत होता म्हणून वाचला. पुढं कृत्रिम पाय बसला. त्याला ती 'पाहुणा' म्हणायची. "आज पाहुणा लई टोचायलाय गं," असं सांगत सीटवर टेकायची. तिला एकदा बघायला आलेल्या मुलाच्या आईनं चाचरत विचारलं होतं, "पोरीला पाय... म्हणजे कसं हाय?" सुरेखा आतून म्हणाली, "एक हाय. तुमच्या पोराला किती लागत्यात?" ते लोक चहा न घेता गेले. ही गोष्ट ती दरवेळी नव्यानं सांगायची आणि दरवेळी स्वतःच सगळ्यात जास्त हसायची.

एका गोष्टीवर मात्र ती हसत नसे. लहानपणी भूकंपानंतर गावात लोक यायचे, साड्या, ब्लँकेटं, पातेली वाटायचे, आणि पाय नसलेली पोरगी म्हणून सुरेखाला पुढं बसवून फोटो काढायचे. तिला ब्लँकेट मिळायचं, पण आधी फ्रॉक जरा वर धरायला सांगायचे. "आमच्या गावाला कुणी काय दिलं ते म्या इसरले न्हाय," ती मला म्हणाली होती, "पर फ्रॉक वर धर म्हणलेलं बी इसरले न्हाय."

कंपनीत ती आली ते ब्लाउज शिवायचा कंटाळा आला म्हणून. गावात तिचं शिवणकाम बरं चालायचं, पण तिला माणसांत बसायचं होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांनी शर्टाची कॉलर शिवून दाखवायला सांगितली, तिनं दाखवली, आणि दुसऱ्या दिवशीपासून ती कॉलरच्या लाइनला बसली. मशीनचं पेडल दाबायची ती उजव्या पायानं. डावा बाजूला सरळ सोडलेला. ती बरी शिवायची, पण तिच्यापेक्षा वेगात शिवणाऱ्या लाइनवर होत्या. तिचं खरं कसब वेगळंच होतं. नवीन आलेली पोरगी घाबरून सुई मोडून बसली की सुरेखा आपलं मशीन थांबवून तिच्याकडं जायची, "पहिल्या दिवशी म्या तर बोटच शिवलं होतं," असं खोटं सांगायची आणि पोरगी हसली की तिचा हात धरून कापड पुढं सरकवायला लावायची. महिन्याभरात पोरी तयार व्हायच्या. सुपरवायझर नवीन बाई आली की न विचारता तिला सुरेखाच्या शेजारी बसवायचा. तेव्हा तिला कंपनी आवडायची, हे इथं लिहिलं पाहिजे. रविवारी तिला करमायचं नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडचा उन्हाळा, वर पत्रा, त्यात शेकडो मशीनची धग. बायका कूलरवर बाटल्या भरून भरून पाणी पितात. सुरेखाची बाटली सकाळी भरलेली असायची आणि संध्याकाळी बसमध्ये तितकीच भरलेली असायची. मी विचारलं, "पाणी का पीत नाहीस गं? चक्कर येऊन पडशील."

"पिलं की जावं लागतंय," ती म्हणाली. "आन जायचं कुठं?"

बायकांचे संडास शेडच्या मागं आहेत. खाली टाकी असल्यामुळं ते उंचावर बांधलेत. अरुंद पायऱ्या, कठडा नाही, आणि आत उकिडवं बसायचं. मांडीपासून पाय नसलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही, एवढी साधी गोष्ट. पहिल्या आठवड्यात तिनं एकदा दोघींना धरून प्रयत्न केला होता आणि त्या ओल्या फरशीवर पडली होती. त्या दोघींनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण तिनं शपथ घातली होती. तेव्हापासून ती सकाळी उठल्यावर कपभर चहा प्यायची आणि त्यानंतर रात्री घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालायची नाही. डब्यातली भाजी पातळ असली तर नुसती भाकरी खायची.

आणि हे सगळं होत असताना आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात, तिच्या लाइनपासून सरळ सपाट फरशीवरनं चालत येता येईल अशा जागी, एक संडास होता. खुर्चीसारखा बसायचा, बाजूला हाताशी नळ, समोर आरसा, आत सुगंधी वड्या. दारावर 'पाहुण्यांसाठी' अशी पाटी. दाराला कुलूप आणि किल्ली एचआरच्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. मी दुसऱ्याच दिवशी सुरेखाला घेऊन त्यांच्याकडं गेले. साहेब पुण्याचे, वयानं आमच्यापेक्षा लहान, बोलायला गोड. त्यांनी उठून सुरेखाला खुर्ची दिली. चहा मागवला.

"चा नको," सुरेखा म्हणाली. "चा पिल्यावर जावं लागतंय. त्याच्यासाठीच आलेय."

तिनं सरळ सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, फार वाईट वाटल्यासारखं केलं, कदाचित वाटलंही असेल. मग म्हणाले, "सुरेखाताई, मला तुमचं पटतंय. पण आज तुम्हाला किल्ली दिली, तर उद्या सगळ्या मागतील."

"मागू द्या की साहेब. लागती तर सगळ्यांनाच."

ते हसले. "बघू या," म्हणाले. नवीन शेड व्हायचीय, त्यात सगळी सोय करणार आहोत, तुमच्यासारख्यांचाच विचार डोक्यात आहे... चहा थंड होऊन तिथंच राहिला. त्या 'बघू या'वर पुढं किती उन्हाळे गेले! त्यांच्या जागी दुसरे साहेब आले, तेही गोड, त्यांनीही खुर्ची दिली, त्यांनीही चहा मागवला.

मग एक वर्ष असं आलं की कंपनीला अचानक सुरेखा दिसायला लागली. ज्या मोठ्या गिऱ्हाइकाकडं आमचा माल जायचा, त्यांची माणसं तपासणीला येणार होती. कामगारांना कसं वागवता, शिकवता का, पुढं नेता का, अपंगांना सामावून घेता का, हे ते बघणार होते. महिनाभर आधी रंगरंगोटी सुरू झाली. पुढच्या दारात सिमेंटचा उतार बांधला, दोन्ही बाजूंना चकचकीत दांडे. चांगला बांधला होता. फक्त तो जिथं होता तिथनं सुरेखा कधी आतच येत नव्हती. बस मागच्या फाटकाला थांबायची, कामगार मागनं यायचे. पुढचा रस्ता पाहुण्यांचा. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी उतार मोकळा बरा दिसत नाही म्हणून त्याच्यावर झेंडूच्या कुंड्या मांडल्या. मी हे वाढवून सांगत नाही. उतारावर कुंड्या मांडल्या!

आणि पोस्टरसाठी सुरेखाचा फोटो काढायचं ठरलं. सोलापूरहून फोटोवाला आला. तिला नवा युनिफॉर्म दिला, मशीनपाशी बसवलं, दिवे लावले. फोटोवाल्यानं दोन-तीनदा बघितलं आणि साहेबांना हळूच म्हणाला, पाय दिसत नाही. साहेब सुरेखाकडं आले. "ताई, जरा इकडं वळून बसता का? म्हणजे... पाय दिसला पाहिजे. लोकांना प्रेरणा मिळते."

सगळी लाइन थांबलेली. मला ब्लँकेटं वाटणाऱ्यांची आठवण झाली, तिला झाली नसेल असं कसं म्हणू? "हाताचा काढा की साहेब," ती म्हणाली. "कालर हात शिवत्यात."

बायका हसल्या. साहेबही हसले. फोटो शेवटी पायाचाच निघाला. ती का वळली, हे मी बसमध्ये विचारलं. "आता फोटो काढल्यावर तरी किल्ली देतील म्हणलं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पोस्टर मोठं झालं, फाटकावर लागलं. खाली लिहिलं होतं की इथं प्रत्येकासाठी जागा आहे. तपासणीच्या दोन्ही दिवशी पाहुण्यांच्या संडासाचं कुलूप उघडं होतं, कारण पाहुणे होते. सुरेखा त्या दोन दिवसांत पोटभर पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी कुलूप लागलं.

त्याच वर्षी लाइन सुपरवायझर करायचं ट्रेनिंग निघालं. पुण्याला काही आठवडे राहायचं, शिकून यायचं. पोरींना तयार करण्यात सुरेखाचा हात कुणी धरणार नाही हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं, तिच्या लाइनच्या सुपरवायझरनं स्वतः तिचं नाव दिलं होतं. तिनं मला न सांगता बॅग विकत घेतली होती, चाकं असलेली, निळी. जाणाऱ्यांत तिचं नाव नव्हतं. आम्ही परत त्याच खुर्च्यांवर बसलो. साहेब म्हणाले, "तुमच्या काळजीपोटीच केलं, ताई. प्रवास, हॉस्टेलचे जिने... तुम्हाला त्रास होईल."

"तरास मला हुणार का तुमाला?" सुरेखाचा आवाज चढला. "म्या कवा म्हणले जिना चढत न्हाय म्हणून? तुमी मला इचारलं का एकदा तरी? भूकंपात पाय गेला माझा. जीभ हाय जाग्यावर. इचारायचं व्हतं!"

साहेबांच्या चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव होता, आपण एवढी काळजी करतो आणि ही अशी बोलते असा. माझा सगळ्यात जास्त राग त्या चेहऱ्यावर आहे. उर्मट माणसाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं? त्याच्या काळजीचीच भिंत होते, आणि बाहेर राहिलेल्या माणसानं वर तिचे आभार मानायचे. ट्रेनिंगला दुसऱ्या दोघी गेल्या, त्यातली एक सुरेखानंच तयार केलेली. सुरेखाला वर्षाच्या शेवटी 'प्रेरणा पुरस्कार' दिला. शाल, नारळ आणि टाळ्या. घरी जाताना बसमध्ये तिनं तो नारळ सीटच्या दांड्यावर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. पाणी मात्र ड्रायव्हरला दिलं. बस नुकतीच निघाली होती, सास्तूर लांब होतं.

तोवर तिला ताप यायला लागला होता. आधी अधूनमधून, मग वरचेवर. लघवीला जळजळ, कंबरेत कळा. लोहाऱ्यात औषध घ्यायची, बरं वाटायचं, परत व्हायचं. शेवटी दत्ता तिला सोलापूरला घेऊन गेला, मीही रजा टाकून गेले. डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "लघवी रोखून धरता का? पाणी कमी पिता का?" सुरेखा हसली. डॉक्टरांना ते हसणं कळलं नाही. दोन्ही किडन्यांवर परिणाम झाला होता. त्यांनी सांगितलं की भरपूर पाणी प्यायचं, रोखायचं बिलकुल नाही. मी प्रामाणिकपणे सांगते, किडनी एकाच कारणानं जाते असं त्या डॉक्टरांनी म्हटलं नाही, आणि मी डॉक्टर नाही. पण पाणी प्या, रोखू नका, हे सांगायला डॉक्टर लागतो का? ते त्या कुलूपबंद दाराला माहीत होतं.

कंपनीत एक 'मनातलं बोला' म्हणून दिवस असतो. सगळे कामगार मोकळ्या जागेत बसतात, समोर साहेब लोक, आणि ज्याला जे वाटतं ते त्यानं बोलायचं. बायका बोलतात की जेवणाची सुट्टी थोडी वाढवा, बस वेळेवर सोडा. सोलापूरहून आल्यावरच्या त्या दिवशी सुरेखा उठली. मुख्य ऑफिसहून आलेली मोठी माणसंही होती. तिनं माइक घेतला नाही, तिला लागायचा नाही.

"तुमी फाटकावर लिवलंय की प्रत्येकाला जागा हाय," ती म्हणाली. "मला मुतायला जागा न्हाय. इतकी वर्सं झाली. डाक्टर म्हणतेत पाणी पी. म्या कुठं जाऊ सांगा. पोस्टरवर बसवलंय तसं संडासात बसवा मला एकदा."

हा शब्द साहेब लोकांसमोर उच्चारला म्हणून पुढच्या रांगेतल्या दोन-चार जणींनी तोंडाला पदर लावला. मोठे साहेब खाली बघायला लागले. मग मागनं एकटीनंच टाळी वाजवली, आमच्याकडं काज-बटणाला बसणाऱ्या चंद्रामावशींनी, वयानं सगळ्यांत मोठ्या. तेवढ्यावर ती सभा संपली. किल्ली मिळाली. दोन आठवडे सुरेखा रोज माझ्याकडं येऊन किल्ली न्यायची, तिच्या चेहऱ्यावर पाणी दिसायला लागलं होतं, खरंच. मग संध्याकाळी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये परत गेलेली किल्ली हरवली म्हणून कुलूप बदललं, नवीन किल्ली मुख्य ऑफिसच्या परवानगीशिवाय द्यायची नाही असं ठरलं, आणि परवानगी विचारलीय, येईल, असं साहेब सांगत राहिले. मी दर सकाळी विचारायची. शेवटी शेवटी ते मला येताना बघून फोन कानाला लावायचे.

तिचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा कंपनीनं आणखी एक काळजी घेतली. तिला सांगितलं की आता तुम्ही घरूनच काम करा, कापडाचे गठ्ठे बसबरोबर पाठवतो. तिला घर नको होतं. घर सोडूनच तर ती इथं आली होती. ती मला फोनवर म्हणाली, "माझा फोटो अजून डुटीवर हाय का गं?" मी म्हटलं, आहे. "त्येला म्हणावं पाणी पी," ती म्हणाली आणि खूप वेळ खोकल्यासारखी हसत राहिली. त्यानंतर ती फार दिवस नव्हती.

गेल्या आठवड्यात कंपनीत शोकसभा झाली. पोस्टर फाटकावरून आत आणलं, त्याला हार घातला. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जयश्रीताई, तुम्ही जवळच्या. दोन शब्द बोला. जरा पॉझिटिव्ह." मी उभी राहिले. मला भाषण येत नाही. मी म्हटलं की तुम्ही सारखं परिवार परिवार म्हणता. परिवारात माणूस पाणी प्यायला घाबरत नाही. सुरेखा आपल्या परिवारात इतकी वर्षं तहानलेली बसली होती आणि ती तहान आपण रोज हजेरीत 'उपस्थित' म्हणून मांडली. एवढं बोलून मी बसले. साहेबांनी घाईनं दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. आणि मग चंद्रामावशी चालायला लागल्या. कुणाला काही न सांगता, चपला घासत, ऑफिसच्या कोपऱ्याकडं गेल्या आणि त्या कुलूप लावलेल्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं कॉलरच्या लाइनवरची एक पोरगी गेली. मग दुसरी. सुरेखानं तयार केलेली, आता सुपरवायझर झालेली ती मुलगीही गेली. बघता बघता सगळ्या बायका एकामागं एक, ऑफिसातनं शेडपर्यंत रांग. मीही गेले. घोषणा नाही, ओरडणं नाही, कुणी साधं कुजबुजलंही नाही. बायका संडासाच्या रांगेत उभ्या राहतात तशा उभ्या.

"अहो, हे काय?" साहेब म्हणाले. "चंद्राबाई?"

"लागलीय साहेब," मावशी म्हणाल्या. "सगळ्यास्नीच लागलीय."

किल्ली सापडत नव्हती. ड्रॉवर उघडले, बंद केले, कुठं कुठं फोन झाले. रांग हलली नाही. मशीनं बंद होती, एवढ्या शांततेत ती शेड मी कधी ऐकली नव्हती. शेवटी शिपायानं कुलूप तोडलं. मावशी आत गेल्या, बाहेर आल्या, पदरानं हात पुसले. साहेबांना घाम फुटला होता, काहीतरी चांगलं बोलून हे संपवावं असं त्यांना वाटत असणार. ते म्हणाले, "आपण... या सुविधेला सुरेखाताईंचं नाव देऊ या. त्यांच्या स्मृतीत."

मावशींनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "नाव नगं," त्या म्हणाल्या. "आतनं कडी ढिली हाय, तेवढी बसवा."

तेव्हापासून त्या दाराला कुलूप नाही. हा विजय वगैरे म्हणून मी लिहीत नाही. जिच्यासाठी ते उघडायला हवं होतं ती नाही, आणि एवढं साधं दार उघडायला एक बाई मरावी लागली, याला कुणी विजय म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर म्हणू नये. मला मेमो मिळालाय. सभेचं गांभीर्य बिघडवलं म्हणून.

परवा सास्तूरला जाऊन आले. दत्तानं आणि त्याच्या बायकोनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. हात धुवायला म्हणून मी मागं गेले, तर दत्ता म्हणाला, "तिकडं नका जाऊ ताई, तायडीच्या न्हाणीत जा, तिथं नळ हाय." घराच्या मागच्या भिंतीला लागून ती खोली. उंबरा नाही, दार रुंद. आत बसायची जागा सुरेखाच्या उंचीला बरोबर, दोन्ही बाजूंना भिंतीत पाण्याचे जाड पाइप आडवे बसवलेले, धरून उठायला. एका खुंटीवर तिची फणी अजून तशीच होती. "कधी बांधलीस ही?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली," दत्ता म्हणाला. "ती म्हणली, हितं असं पायजे, तितं तसं पायजे. म्या आन गावातला मिस्तरी. दोन दिसांत झालं. काय लागतंय त्याला, ताई?"

मी त्या पाइपवर हात ठेवला. रोज सकाळी, रोज रात्री धरून धरून एका जागी त्याचा रंग गेला होता आणि आतलं लोखंड गुळगुळीत, चकचकीत झालं होतं, तिच्या मुठीएवढं. मी तिथं मूठ ठेवून उभी राहिले. बाहेरनं दत्ता विचारत होता, "ताई, पाणी येतंय का?"

"येतंय," मी म्हटलं, आणि नळ तसाच वाहू दिला.